नव्वद टक्केवाली शाळा खरंच भारी असते का?

एकाच महापालिकेच्या दोन शाळा. एकीत प्रवेशासाठी लॉटरी लागते, दुसरीत बाक रिकामे राहतात. निकाल लागला की दोघींची तुलना सुरू होते. पण त्या तुलनेत आपण नेमकं काय मोजतो, शाळा की मुलं?

तुमची दहावी कोणत्या सालची? २०२१ची असेल, तर तुम्ही परीक्षा न देता पास झालेल्या बॅचमधले. कोव्हिडमुळे बोर्डाची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर गुण मिळाले आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. तुमच्या घरात २०१९ला दहावी झालेली कुणी ताई किंवा दादा असेल, तर त्यांना त्यांचं वर्ष विचारा. त्या वर्षी राज्याचा निकाल होता ७७.१० टक्के. दोन वर्षांत जवळपास तेवीस टक्क्यांची उडी. या दोन वर्षांत महाराष्ट्रातली पोरं अचानक हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. परीक्षा बदलली, म्हणून निकाल बदलला, हे सगळ्यांनाच कळतं.

राज्याच्या बाबतीत कळणारी ही गोष्ट शाळेचं नाव समोर आलं की मात्र आपण साफ विसरतो. 'त्या शाळेचा निकाल ९५ टक्के, ह्या शाळेचा ७० टक्के' असं कुणी म्हटलं की आपण लगेच ठरवून टाकतो, ती शाळा भारी आणि ही बेकार. मुंबईच्या उपनगरांत सध्या ही तुलना जरा जास्तच महागात पडते आहे. कारण इथे ती महापालिकेच्याच दोन प्रकारच्या शाळांमध्ये होते आहे.

पाटी नवी, प्रश्न जुना

मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमीळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. एवढ्या माध्यमांत शिकवणारी पालिका देशात शोधून सापडायची नाही. २०२०च्या सुमारास पालिकेनं दोन गोष्टी केल्या. एक, आपल्या शाळांना 'मुंबई पब्लिक स्कूल' हे नाव दिलं. दुसरी, त्यातल्या काही शाळा राज्य मंडळाऐवजी सीबीएसईला जोडल्या. सुरुवात जोगेश्वरी पूर्वेच्या पूनमनगरपासून झाली. मग घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला मिठागर, बोरिवलीला चिकूवाडी, विक्रोळीला हरियाली व्हिलेज, शिवाय मालाड, दिंडोशी, पवईकडची तुंगा व्हिलेज अशी यादी वाढत गेली.

'पब्लिक स्कूल' या शब्दाचीही गंमत आहे. इंग्लंडात पब्लिक स्कूल म्हणजे श्रीमंतांच्या खासगी शाळा. आपल्याकडेही 'अमुकतमुक पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली की फीचा आकडा ऐकायला मन घट्ट करावं लागतं. पालिकेच्या शाळेवर ही पाटी लागली, तेव्हा पहिल्यांदाच तिचा शब्दशः अर्थ खरा ठरला. लोकांच्या पैशातून चाललेली, लोकांच्या मुलांची शाळा.

या सीबीएसई शाळांना पालकांनी उचलून धरलं. जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि प्रवेशासाठी लॉटरी काढावी लागली. 'म्युन्सिपाल्टीची शाळा' म्हटलं की नाक मुरडणाऱ्या शहरात पालिकेच्या शाळेसाठी रांग लागणं ही साधी गोष्ट नाही, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच काळात पालिकेच्या मराठी शाळांचा पट घसरत होता. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईत पालिकेच्या शंभराहून जास्त मराठी शाळा कमी झाल्या आहेत.

आता या दोन चित्रांतून चटकन निघणारा निष्कर्ष असा: सीबीएसईची शाळा चांगली म्हणून भरली आणि मराठी शाळा वाईट म्हणून ओस पडली. ऐकायला पटतं. पण आकड्यांना जरा खोदून विचारलं, तर ते वेगळंच काही सांगतात.

चाळीस टक्क्यांची उडी

पालिकेच्या शाळांचा दहावीचा निकाल सलग तीन वर्षांचा घेऊ. २०१८ला तो ७३.८१ टक्के होता. २०१९ला ५३.१४ टक्के. म्हणजे शंभरातली ४७ मुलं नापास. त्या जूनमध्ये पालिकेच्या शिक्षण विभागावर टीकेची झोड उठली. आणि २०२०ला? ९३.२५ टक्के. एका वर्षात चाळीस टक्क्यांची उडी.

वर्ग तेच, इमारती त्याच आणि शिक्षकही बहुतेक तेच. मग बदललं काय? २०१९ला मंडळानं भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण बंद केले होते. अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. त्यात मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागलं, भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीनं मिळाले.

हे बदल सगळ्या राज्याला लागू होते. तरी राज्याचा निकाल २०१९ला ८९.४१वरून ७७.१०वर आला, म्हणजे सुमारे १२ टक्के घसरला, आणि पालिकेचा २० टक्क्यांहून जास्त. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. पासाची टक्केवारी फक्त एक रेघ बघते, ३५ गुणांची. ज्या मुलाला ७५ पडायचे त्याला तोंडीचे गुण गेल्यावर ६५ पडले, तरी तो पासच. ज्याला ३८ पडायचे तो मात्र ३०वर येतो आणि नापास होतो. ज्या शाळेतली बरीच मुलं रेघेच्या आसपास उभी असतात, त्या शाळेचा निकाल नियम हलला की गदागदा हलतो. ज्या शाळेतली मुलं रेघेपासून लांब वर असतात, तिला धक्काही जाणवत नाही. त्या वर्षी दोन्हीकडे शिकवणं तेवढ्याच दर्जाचं झालं असतं, तरी एक शाळा 'नापासांची' ठरली असती आणि दुसरी 'गुणवंतांची'.

त्यात बोर्डच वेगळं असेल तर तुलना आणखी फसवी. २०२४ला राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के होता, सीबीएसईचा ९३.६०. म्हणून सीबीएसईची मुलं कच्ची म्हणायची का? अर्थातच नाही. दोन बोर्डांच्या गुणांची तुलना कशी करायची, हा मुंबईचा जुनाच डोकेदुखीचा विषय आहे. अकरावी प्रवेशासाठी २००८ला पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, २००९ला एसएससीच्या मुलांसाठी ९० टक्के जागांचा कोटा आणला. दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१०ला 'बेस्ट फाइव्ह' आलं, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा कुठे तरलं. सरकारला तीन वर्षं जमलं नाही ते आपण चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत करतो.

दारातून आत कोण आलं?

शाळेची तुलना करताना पहिला प्रश्न हा हवा: या शाळेत येतं कोण?

अंधेरी असो की घाटकोपर, आपल्या उपनगरांची रचना सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूला टॉवर, त्याला लागून वस्ती. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईतली ४१ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. पालिकेच्या शाळेत येणारी बहुतेक मुलं याच वस्त्यांमधली. पण वस्तीतली सगळी घरं सारखी नसतात. एका घरात बाबा रिक्षा चालवतात, आई बारावी झालेली आहे आणि ती रोज वही तपासते. दुसऱ्या घरात दोघंही पहाटे कामाला निघतात, दोघांनीही शाळेचं तोंड पाहिलेलं नाही आणि धाकट्या भावाला सांभाळायची ड्युटी दहा वर्षांच्या मुलीकडे आहे.

आता सीबीएसईच्या प्रवेशाची प्रक्रिया बघा. अर्ज कधी निघतो ते कळायला हवं. मुदत लक्षात ठेवायला हवी. कागदपत्रं जमवायला हवीत. 'सीबीएसई' म्हणजे काय, त्याचा फायदा काय, हे माहीत हवं. लॉटरी सगळ्यांना सारखीच वागवते, यात शंका नाही. पण ती वागवते फक्त अर्ज करणाऱ्यांना. अर्ज कुणी केला, तिथे आधीच एक चाळणी लागलेली असते आणि त्या चाळणीतून पहिल्या प्रकारचं घर दुसऱ्या प्रकारच्या घरापेक्षा सहज पार होतं.

सरकारी पैशातून चालणाऱ्या इतर शाळांतही हे दिसतं. पवईला आयआयटीच्या आवारात केंद्रीय विद्यालय आहे. केंद्रीय विद्यालयांत प्रवेशाचा प्राधान्यक्रमच ठरलेला असतो, त्यात सरकारी सेवेतल्या कर्मचाऱ्यांची मुलं आधी येतात. त्याच परिसरातल्या पालिका शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होत असेलच असं नाही. दोन्ही शाळा 'सरकारी', पण त्यांच्या निकालांची थेट तुलना केली तर आपण पालकांच्या नोकऱ्यांची तुलना करत असतो.

आणि मराठी शाळांचा पट? गिरण्या गेल्या, घरांचे भाव वाढले आणि मराठी कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. जी इथे राहिली त्यातल्या जमेल त्या घरानं मुलाला इंग्रजी माध्यमात घातलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, कारण नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते सगळ्यांना दिसतं. पण याचा परिणाम असा, की पालिकेच्या मराठी शाळेत राहिलेली मुलं ही दहा वर्षांपूर्वीच्या मराठी शाळेतल्या मुलांपेक्षा वेगळ्या घरांतली आहेत. शाळा तीच, मुलं बदलली. मग आजचा निकाल जुन्या निकालाशी लावून 'शाळा घसरली' कसं म्हणायचं?

पूर्वेची शाळा, पश्चिमेची शाळा

इथे थोडं गणित करू, सोपं आहे. एका स्टेशनच्या पूर्वेला एक शाळा आहे, पश्चिमेला एक. दोन्ही काल्पनिक. दोन्हीकडे दहावीला शंभर-शंभर मुलं बसली. पश्चिमेच्या शाळेत ९० पास, पूर्वेच्या शाळेत ७५. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फैसला झाला, पश्चिमेची शाळा भारी.

आता त्या शंभर मुलांचे दोन गट करू. पहिला गट, ज्यांच्या घरात आई किंवा वडील किमान दहावी शिकलेले आहेत. दुसरा गट, जी घरात पहिल्यांदाच शिकताहेत.

पश्चिमेच्या शाळेत पहिल्या गटातली ९० मुलं होती, त्यातली ८५ पास झाली, म्हणजे ९४ टक्के. दुसऱ्या गटातली १० होती, त्यातली ५ पास, म्हणजे ५० टक्के.

पूर्वेच्या शाळेत पहिल्या गटातली फक्त २० मुलं होती, त्यातली १९ पास, म्हणजे ९५ टक्के. दुसऱ्या गटातली ८० होती, त्यातली ५६ पास, म्हणजे ७० टक्के.

परत एकदा वाचा. शिकलेल्या घरातल्या मुलांचा निकाल पूर्वेच्या शाळेत किंचित जास्त. न शिकलेल्या घरातल्या मुलांचा निकाल तर तिथे वीस टक्क्यांनी जास्त. दोन्ही गटांत पूर्वेची शाळा पुढे आणि तरी एकूण निकालात ती पंधरा टक्क्यांनी मागे! आकड्यांत कुठेही चलाखी केलेली नाही. पूर्वेच्या शाळेनं जास्त अवघड काम अंगावर घेतलं, एवढंच.

स्टॅटिस्टिक्स घेतलेल्यांनी ओळखलं असेल, याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. परीक्षेत पाच मार्कांना येतो. एखाद्या वस्तीत तो एका शाळेचं भवितव्य ठरवतो.

मधल्या मधे कोण गेलं?

दुसरा प्रश्न: परीक्षेला बसलेली मुलं आपण मोजली. जी बसलीच नाहीत त्यांचं काय?

पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानानं माध्यमिक शाळा खूपच कमी आहेत. बऱ्याच मुलांना सातवी किंवा आठवीनंतर दाखला काढून दुसरी शाळा शोधावी लागते. ती शाळा लांब असली, हायवे ओलांडून जायची असली, तर पहिली गळते ती मुलगी. 'एवढ्या लांब कशाला, घरीच मदत होईल' हे वाक्य आजही बोललं जातं. त्यानंतर येते नववीची चाळणी. शिक्षण हक्क कायद्यानं अनेक वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हतं, त्यामुळे साचलेला सगळा कच्चेपणा नववीत बाहेर यायचा. आणि मग '१७ नंबरचा फॉर्म'. कच्च्या मुलानं शाळेतून न बसता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसावं, असं सुचवणाऱ्या शाळा तुमच्याही ऐकण्यात असतील. मूल नापास झालं तरी शाळेच्या टक्केवारीला धक्का लागत नाही.

समजा, दोन शाळांत पाचवीला ६०-६० मुलं होती. पहिल्या शाळेतली २४ दहावीला बसली आणि सगळी पास झाली. निकाल १०० टक्के, बॅनर, पेढे. दुसऱ्या शाळेतली ५० बसली, ४२ पास झाली. निकाल ८४ टक्के, बॅनर नाही. पण पाचवीतल्या ६० मुलांच्या हिशेबानं बघितलं तर पहिल्या शाळेनं ४० टक्के मुलांना दहावीपार नेलं आणि दुसरीनं ७० टक्के मुलांना. पेढे कुठे वाटायला हवे होते?

यात पट लहान असण्याची अडचण वेगळीच. दहावीला २० मुलं असतील तर एक मूल म्हणजे पाच टक्के. दोघांना ऐन परीक्षेत ताप आला की निकाल दहा टक्क्यांनी खाली. अशा शाळेचा यंदाचा आणि गेल्या वर्षीचा निकाल शेजारी ठेवून प्रगती किंवा अधोगती काढणं म्हणजे दोन ओव्हर बघून बॅट्समनचं करिअर ठरवणं.

मग शाळेनं काहीच फरक पडत नाही?

पडतो. पण तो मोजायचा तर सारखी मुलं दोन वेगळ्या शाळांत जायला हवीत. जगभरातल्या अभ्यासकांनी त्यासाठी एक झकास युक्ती शोधली आहे, लॉटरी.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत हा प्रयोग अभ्यासला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले, त्यांच्यातून लॉटरीनं काही मुलांना खासगी शाळेसाठी व्हाउचर दिलं. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं सारख्याच घरांतली, कारण अर्ज दोघांनीही केला होता. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोघांत फरक दिसला नाही. खासगी शाळेतली मुलं हिंदीत मात्र पुढे गेली, कारण तिथे हिंदी शिकवायला वेगळा तास होता. खासगी शाळा हे सगळं सरकारी शाळेपेक्षा बऱ्याच कमी खर्चात करत होत्या, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे 'खासगी भारी' म्हणणारे आणि 'सरकारी भारी' म्हणणारे, दोघांनाही थोडं गप्प करणारा निकाल.

अमेरिकेतलं उदाहरण तर जेईईच्या रॅट रेसमधून आलेल्यांनी वाचायलाच हवं. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या काही नामांकित सरकारी शाळा आहेत. २०२१चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांतले एक, जोशुआ अँग्रिस्ट, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन प्रकारच्या मुलांची तुलना केली. कटऑफच्या एखाद-दोन गुण वर राहून ज्यांना प्रवेश मिळाला ती, आणि एखाद-दोन गुण खाली राहून ज्यांचा हुकला ती. पुढच्या परीक्षांमध्ये दोघांत फारसा फरक निघाला नाही. त्या शाळांचा झगमगता निकाल बराचसा आत येणाऱ्या मुलांचा होता. याच गटातल्या संशोधकांनी बॉस्टनच्या काही चार्टर शाळांची लॉटरी तपासली, तेव्हा मात्र चिठ्ठी लागलेल्या मुलांचे गुण बरेच वाढलेले दिसले. म्हणजे शाळा फरक पाडू शकते. पण कोणती शाळा पाडते, ते नुसतं नाव आणि निकाल बघून कळत नाही.

कोण कोणाशेजारी बसतं

मुलांची सरमिसळ हा या सगळ्यातला सर्वात नाजूक भाग. सीबीएसईच्या शाळेनं आसपासच्या पालिका शाळांमधली जागरूक पालकांची मुलं उचलली, की मागे राहिलेल्या वर्गाचं काय होतं याचा विचार करा. पालकसभेला प्रश्न विचारणारी आई गेली. शेजारच्याला गणित समजावणारी मुलगी गेली. त्या शाळेतल्या बाईंनी शिकवण्यात काडीचाही बदल केला नाही, तरी निकाल खाली येणार. खाली आला की आणखी चार पालक शाळा बदलणार. पट घटला की 'शेजारच्या शाळेत विलीन करू' ही फाइल हलणार. आणि शेवटी वर्गात उरतं ते मूल, ज्याच्यासाठी फॉर्म भरणारं घरात कुणी नव्हतं. पालिकेची शाळा मुळात त्याच्यासाठीच होती.

वेगवेगळ्या घरांतली मुलं एका वर्गात बसली तर हुशार मुलांचं नुकसान होतं, ही भीतीही आपल्याकडे पक्की आहे. दिल्लीत सवलतीच्या जमिनी मिळालेल्या खासगी शाळांना २००७पासून गरीब मुलांसाठी २० टक्के जागा ठेवाव्या लागल्या. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांमधल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. हिंदी आणि गणितात त्यांचं काही बिघडलं नव्हतं, इंग्रजीत किंचित घट होती. पण गरीब वर्गमित्र असलेली ही मुलं जास्त उदार झाली होती. रिले शर्यतीत जोडीदार निवडताना ती मुलाची ऐपत न बघता वेग बघत होती.

आपल्याकडे नेमकी उलटी वाट धरली गेली होती. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळेला आरटीईच्या २५ टक्के जागांतून सूट. मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नसलेली जागा शोधून दाखवा! १९ जुलै २०२४ला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला, म्हणून २५ टक्के जागा वाचल्या.

आपण काय विचारायचं?

पालिकेचं २०२५-२६चं शिक्षणाचं अंदाजपत्रक सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचं आहे. एवढे पैसे खर्च होत असताना कोणती शाळा खरंच चांगलं काम करते, हे मुंबईकरांना कळायला हवं. त्यासाठी नवं काही उभारायचीही गरज नाही. सीबीएसई शाळांची लॉटरी पालिकेनंच काढली आहे. कुणाची चिठ्ठी लागली आणि कुणाची नाही, या दोन्ही याद्या पालिकेकडे असायला हव्यात. न लागलेली बरीच मुलं पालिकेच्याच दुसऱ्या शाळांत शिकत असणार. राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंद होते. या दोन गटांना पाचवीत आणि आठवीत एकच चाचणी द्या आणि नावं झाकून निकाल जाहीर करा. आंध्रमध्ये संशोधकांनी जे खास घडवून आणलं, ते मुंबईत आपोआप घडून बसलंय. सीबीएसईची मुलं खरंच पुढे गेली असतील, तर तिथे जे चाललंय ते मराठी, हिंदी, उर्दू शाळांतही न्या. फरक नसेल, तर बोर्डाची पाटी बदलण्यावरचा खर्च सेमी इंग्रजीच्या वर्गांवर, माध्यमिकच्या तुकड्यांवर करा.

तोवर तुमच्या-माझ्या हातात काय? कॉलेजात आता फिल्ड प्रोजेक्ट करावेच लागतात. दर वर्षी तेच ते 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' करण्यापेक्षा आपल्या स्टेशनच्या पूर्वेची एक पालिका शाळा घ्या, पश्चिमेची एक घ्या. यूडायस प्लसच्या पोर्टलवर शाळेचा पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं अशी माहिती कुणालाही बघता येते. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी काढा आणि तीनच गोष्टी विचारा. पहिलीत येणाऱ्या किती मुलांच्या आईवडिलांनी दहावी पूर्ण केली आहे? पाचवीतल्या मुलांपैकी दहावीला किती पोचली? आणि शिक्षकांचे किती दिवस निवडणुकीच्या आणि सर्व्हेच्या कामात गेले? या तीन उत्तरांशेजारी निकालाची टक्केवारी ठेवा. तिचा अर्थ तेव्हा लागायला सुरुवात होईल.

येत्या निकालानंतर तुमच्या नाक्यावरही '१०० टक्के निकाल' लिहिलेला बॅनर लागेल, त्यावर नगरसेवकाचा हसरा फोटो असेल. अभिनंदन जरूर करा, मुलांनी मेहनत केलेली असते. आणि मग विचारा, 'ही मुलं पाचवीत होती तेव्हा वर्गात किती जण होते?'